मुंबईच्या घरात ताजं, जवळचं आणि खिडकीतलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ‘स्थानिक’ भाजी म्हणजे नेमकी कुठली?

शहरात शेती नावापुरतीच उरली आहे, त्यामुळे हद्द थोडी ताणावी लागते. वसई-विरार, पालघर, डहाणू, वाडा, पनवेल, पेण, अलिबाग हा पट्टा खरा जवळचा. वसईची केळी आणि भाज्या, डहाणू-घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ, अलिबागचा पांढरा कांदा, रायगडातले वाल, बहाडोलीची जांभळं हा सगळा माल याच पट्ट्यातला. दुसरं वर्तुळ नाशिक आणि पुणे जिल्ह्याचं. आपण रोज खातो त्या मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, फ्लॉवर यांतला मोठा वाटा तिथून रात्रीच्या गाड्यांनी वाशीच्या बाजार समितीत येतो आणि पहाटे शहरभर पांगतो. नाशिकची मेथी काल संध्याकाळी काढलेली असेल, तर ती आपल्यासाठी ताजीच. शीतगृहात महिने काढून आलेलं सफरचंद कितीही चकचकीत दिसलं तरी ताजं नाही.

आठवड्याचा मेनू आधी ठरवावा की भाजी बघून?

भाजी बघून. यादी घेऊन गेलं की यादीतली शिळी गवार घेतली जाते आणि शेजारच्या पाटीतली आज सकाळी आलेली वालपापडी तशीच राहते. घरात डाळ, तांदूळ, कडधान्य, ओलं खोबरं आणि लसूण-मिरची असली की कुठल्याही भाजीचं काहीतरी होतं. फक्त वर्ग ठरवून निघा: दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक शेंगभाजी. नावं बाजारात ठरू देत.

बाजारात कधी जावं?

दादरचा घाऊक बाजार पहाटेचा. तिथे स्वस्त मिळतं, पण माप मोठं असतं, तेव्हा शेजारच्या दोन घरांनी मिळून जावं. गल्लीतल्या भाजीवाल्याकडे माल साधारण आठ-नऊपर्यंत लागतो आणि पालेभाजी घ्यायची तर तेव्हाच. संध्याकाळी तीच जुडी अर्ध्या भावात मिळते खरी, पण दिवसभर पाणी मारून तिचा आतला भाग चिकट झालेला असतो. दुधी, भोपळा, कच्ची केळी, सुरण, कांदा-बटाटा संध्याकाळी घेतले तरी फरक पडत नाही. वसई-विरारकडून पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन येणाऱ्या मावश्या पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांबाहेर बसतात. त्यांच्याकडे प्रकार मोजकेच असतात, पण माल बहुधा घरच्या नाहीतर शेजारच्या वाडीतला असतो.

ताजेपणा ओळखायचा कसा?

भेंडीचं टोक वाकवलं की तटकन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ती जून. (दुकानदार ओरडतो, एक मोडून थांबावं.) वांगं हातात हलकं लागलं आणि देठाची टोपी हिरवी असली तर बिया कमी. आकाराच्या मानाने जड वांगं बियांचं असतं. दुधीवर नख सहज रुततं. तोंडलं चिरल्यावर आत लाल निघालं तर पिकलेलं, ते भाजीत आंबूस लागतं. म्हणून कडक, हिरवीगार, बारीक तोंडली निवडावी. शेवग्याची शेंग पिळली तर किंचित वळायला हवी. काठीसारखी ताठ आणि जाड असेल तर आत नुसता दोरा.

पालेभाजीची जुडी वरून बघू नका. दोरा असतो तिथे बोट घाला. गरम किंवा ओलसर-चिकट लागलं तर जुडी आतून सडायला लागली आहे. मुळं मातीसकट असलेली कोथिंबीर मुळं छाटलेल्या जुडीपेक्षा एक-दोन दिवस जास्त टिकते.

मासळीत कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं. बोंबील मुळातच लिबलिबीत, त्याला ही दाबायची परीक्षा लागू नाही. तो पांढरा-गुलाबी, चमकदार आणि तोंडाशी पिवळेपणा नसलेला घ्यावा.

कुठल्या महिन्यात काय चांगलं असतं?

हिवाळा सगळ्यात श्रीमंत. डिसेंबर ते फेब्रुवारीत वालपापडी, पावटा, मटार, हरभऱ्याचे घाटे, मुळा, पातीचा कांदा, गाजर, लाल माठ, मेथी सगळं एकदम येतं. ओल्या शेंगांची पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) याच दिवसांतली. फेब्रुवारीपासून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागतात. तो तिखट कमी, गोडसर जास्त, म्हणून कच्चा खायचा. फोडणीत परतून त्याचं सोनं वाया घालवू नये.

मार्च ते मे पालेभाज्या महाग आणि मलूल. तेव्हा कैरी, फणस, काकडी, दुधी, भोपळा, ताडगोळे, करवंदं, जांभळं आणि अर्थातच आंबा. जूनपासून रानभाज्या, काकडी, पडवळ, दोडका, भाद्रपदात अळू आणि मक्याची कणसं. ऑक्टोबर हा मधला कंटाळवाणा महिना. जुना माल संपत आलेला, नवा अजून लागायचा. तेव्हा कडधान्यांवर भर द्यावा.

रानभाज्या घरी करायला भीती वाटते. कुठून सुरुवात करावी?

टाकळा आणि करटोली (काही जण कंटोली म्हणतात) यांपासून. चुकायला जागा कमी.

टाकळ्याची फक्त कोवळी पानं घ्यायची. जून झाली की कडूपणा वाढतो. दोन जुड्यांना पाव वाटी भिजवलेली चणाडाळ किंवा डाळिंब्या (मोड आणून सोललेले वाल), एक कांदा, तीन-चार लसूण पाकळ्या, दोन मिरच्या. डाळ आधी अर्धवट शिजवून घ्या, कारण पाला पाच-सात मिनिटांत होतो आणि डाळीसाठी थांबलात तर काळा पडतो. वरून मूठभर ओलं खोबरं. करटोलीचे पातळ काप करायचे. बिया कोवळ्या असतील तर राहू द्या, टणक असतील तर काढा. झाकण न ठेवता, थोड्या जास्त तेलावर, कडा कुरकुरीत होईपर्यंत परता.

फोडशी दिसायला गवतासारखी. बुडाकडच्या पांढऱ्या भागात माती अडकते, म्हणून पान न् पान सुटं करून धुवायचं आणि मधला जून दांडा काढायचा. भारंगीचा पाला कडू असतो. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून, पिळून मग परतावा.

शेवळं मात्र जाणत्याच्या सोबतीनेच पहिल्यांदा करावी. पहिल्या पावसाच्या आसपास दोन-तीन आठवडेच मिळतात आणि घशाला खाजतात. वरचं आवरण काढायचं, दांड्यावरचा पिवळट दाणेदार भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात नीट परतायचं. शेवळांबरोबर विकायला काकडं नावाची हिरवी, आंबट-तुरट फळं ठेवलेली असतात. ती ठेचून, उकळून त्यांचा रस भाजीत घालतात. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ, सढळ हाताने. शेवळांत आणि अळूतही सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. नीट शिजवणं आणि आंबट या दोन्हींची जोड लागते. ‘थोडं खाजेल, चालतं’ असं म्हणून वाढू नये.

विकणाऱ्या कातकरी, ठाकर, वारली बायकांना विचारा: ‘मावशी, ही कशी करायची?’ बहुतेक जणी नीट सांगतात, आणि ती पद्धत त्या भाजीची असते. स्वतः तोडायला मात्र जाऊ नका. सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत विषारी असतात, आणि राष्ट्रीय उद्यानातून काही तोडून आणणं कायद्याने बंद आहे.

पावसाळ्यात पालेभाजी खावी की नाही?

खावी, पण निवडायला अर्धा तास काढायची तयारी ठेवून. आधी निवडा, मग धुवा, मग चिरा. चिरून धुतली की चव आणि सत्त्व पाण्यात जातं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पाला हाताने वर उचलून चाळणीत ठेवा. सगळं एकदम चाळणीत ओतलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. घरोघरी होणारी चूक हीच. तळाशी रेती दिसायची थांबेपर्यंत पाणी बदला. पावसाळ्यात तीन-चार पाणी लागतात. अळ्या-किड्यांसाठी एका पाण्यात चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं ठेवलं की ते सुटतात.

नाल्याकाठी, रुळांच्या कडेला वाढलेली भाजी धुऊन चालते का?

नाही. वरची घाण धुतली जाते, जंतू शिजवल्यावर मरतात. पण सांडपाण्यातले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू पानाच्या आतच असतात. ते धुऊन, उकळून, मिठाच्या पाण्यात ठेवून जात नाहीत. पालक आणि माठ कुठून आला हे विकणाऱ्याला विचारावंच. उत्तर टाळलं तर दुसऱ्याकडे जावं.

‘सेंद्रिय’ लिहिलेलं घ्यावं का?

पाकिटावर ‘जैविक भारत’ची खूण असेल तर त्यामागे प्रमाणपत्राची साखळी असते. नुसत्या हाताने लिहिलेल्या पाटीवर शब्दाखेरीज काही नसतं. पैसे मोजके असतील तर हंगामातली साधी भाजी घ्यावी. बिगरहंगामी मालापेक्षा तिच्यावर फवारे कमी पडण्याची शक्यता असते.

लाल माठ घरी पाणचट आणि खारट का होतो?

दोन कारणं: मीठ आधी घातलं आणि झाकण ठेवलं. एक जुडी चिरल्यावर पातेलंभर दिसते, त्या अंदाजाने मीठ पडतं आणि भाजी आक्रसून वाटीभर राहते. असं करा: धुतलेला पाला चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. कढईत दोन चमचे तेल, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन मिरच्या. लसूण कडेने तांबूस झाला की चिरलेला माठ, आच मोठी, झाकण नाही, पाणी नाही. पहिल्या दोन मिनिटांत पाणी सुटेल, पुढच्या चारेक मिनिटांत आटेल. आटत आलं की मीठ, आणि वाटलंच तर खोबरं. मसाला नको. ताज्या पाल्यावर गोडा मसाला टाकला की सगळ्या भाज्या एकाच चवीच्या होतात, मग बाजारात वणवण कशाला केली?

वालाचं बिरडं जमत नाही. वास येतो, किंवा दाणे शिजतच नाहीत.

वास येतो तो मोड आणताना. कडवे वाल आठ ते दहा तास भिजवायचे, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधायचे. मुंबईच्या उकाड्यात बारा-पंधरा तासांत मोड येतात, जानेवारीत चोवीस लागतात. बांधून विसरून गेलं तर दमट हवेत ते आंबतात आणि बुळबुळीत होतात. म्हणून सहा-सात तासांनी एकदा सोडून, धुऊन, पुन्हा बांधा. मोड आले की कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. बोटांत दाबले की साल सुटून डाळिंबी बाहेर उडी मारते. एक वाटी सुक्या वालांच्या साधारण अडीच वाट्या डाळिंब्या होतात.

दाणे शिजत नाहीत ते आंबटामुळे किंवा पाण्यामुळे. आमसूल, चिंच, टोमॅटो आधी पडलं की दाणा टणक राहतो. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी येत असेल तरी हेच होतं. अशा वेळी भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पालिकेचं पाणी वापरा.

कृती: तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, हवा तर कांदा. डाळिंब्या घालून हलक्या हाताने एकदा परता. दीड वाटी गरम पाणी, मंद आच, झाकणावर पाणी. बारा-पंधरा मिनिटांनी एक दाणा दाबून बघा. मऊ झाला की मगच तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, तिखट, मीठ, ओलं खोबरं. उलथन्याने ढवळू नका, कढई हलवा. कुकर लावू नका; त्यात पिठलं होतं.

हापूसची पेटी घरी कशी पिकवावी?

कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवली की बिघडलीच. ती नंतर नीट पिकत नाहीत. पेटी उघडून गवतात किंवा वर्तमानपत्रात एक, फार तर दोन थर, देठ खाली. हवा खेळती हवी. रोज हात फिरवून पिकलेली आणि डागाळलेली फळं बाजूला करा, नाहीतर एक कुजकं चार घेऊन जातं. सालीला बारीक सुरकुती आणि देठाशी वास आला की खायला तयार. पिकल्यावर मग फ्रिज चालेल, तोही दोन-तीन दिवस.

साल एकसारखी पिवळी, पण वास नाही आणि आत आंबट असेल तर फळ घाईने पिकवलेलं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. आत पांढरट, स्पंजासारखा गोळा निघाला तर तो साका. त्यात ना विक्रेत्याचा दोष ना तुमच्या पिकवण्याचा, तो झाडावर उष्णतेने होतो. बाहेरून कळत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गासह पालघर, ठाणे आणि रायगडच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा रायगडचा हापूस म्हणजे नकली, हा समज सोडावा.

जून-जुलैत ताजी मासळी मिळते का?

समुद्रातल्या यांत्रिक बोटी तेव्हा बंद असतात, माशांचा तो विणीचा काळ. बाजारातली पापलेट-सुरमई बहुधा बर्फातली. या दिवसांत खाडीची मासळी किंवा सुकं: बोंबील, जवळा, सोडे. ते एप्रिल-मेमध्येच घेऊन, कडक उन्हात पुन्हा एकदा तापवून, घट्ट डब्यात भरावं.

खिडकीत नेमकं काय येतं?

फोडणी येते, भाजी नाही. चौघांच्या घराला पुरेल इतका पालक ग्रिलमध्ये होत नाही. पण मिरची, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, आळीपाळीने कोथिंबीर आणि बारीक मेथी एवढं सहज निघतं, आणि स्वैपाकाची चव त्यानेच बदलते.

आधी ऊन मोजा. मिरचीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेवर्गीयांना तीन-चार पुरतं, पुदिना आणि ओवा त्याहून कमीत भागवतात. मुंबईत एक गंमत लक्षात ठेवावी: साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरात भरपूर ऊन आणि मेच्या अखेरीस एकदम सावली, असं होतं ते त्यामुळे. झाड आजारी नाही, खिडकी बदलली.

नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). मिरचीला बारा इंची कुंडी, पालेभाज्यांना सहा इंच खोल ट्रे. ओली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलो भरते, तेव्हा ग्रिलच्या गंजलेल्या सळ्यांवर रांग लावू नका, आणि आगीच्या वेळी उघडायची खिडकी मोकळीच ठेवा. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेचे लोक नोटीस देतात.

बारीक मेथी सगळ्यात सोपी. चौपाटीच्या रेतीत येते तशी जुडी घरी करायची तर दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये दोन इंच धुतलेली रेती आणि कोकोपीट, त्यावर दाणे दाट पसरा, वर पातळ थर. दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत बोटाएवढी होते. तेव्हाच कापा, थांबलात तर कडू.

धने पेरले, उगवले नाहीत.

अख्खे पेरले असतील. लाटण्याने हलके दाबून दोन डाळी सुट्या करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. उगवायला सात ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरू नका. पेरणी ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर पानं द्यायच्या आधी फुलावर जाते.

मिरचीला फुलं येतात आणि गळतात. पानं वळतात.

फुलं गळतात ती कडक उन्हाळ्यात, किंवा पाणी कधी रखरखीत कधी चिखल असं झाल्यावर, किंवा पालेवाढीचं खत जास्त झाल्यावर. बंद ग्रिलमध्ये वारा नसेल तर फुलं आलेली फांदी सकाळी बोटाने टिचकी मारून हलवा. पानं वळली असतील तर उलटून बघा. कोवळ्या शेंड्यांवर मावा, पांढरी माशी किंवा फुलकिडे असतात. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पाच दिवसांनी पुन्हा. पिठ्या ढेकूण असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून काढा, नुसत्या फवाऱ्याने तो हटत नाही.

कबुतरं रोपं उपटतात.

जाळी. बाकी चकचकीत पट्ट्या, प्लास्टिकचा घुबड वगैरे प्रकारांना मुंबईचं कबुतर दुसऱ्या दिवशी ओळखतं. विष्ठा पडलेली पानं कच्ची खाऊ नका.

रोज बाजारात जायला वेळ नाही. रविवारी आणलेलं शनिवारपर्यंत कसं पुरवायचं?

नाशिवंतपणाच्या क्रमाने शिजवा. रविवार-सोमवार पालेभाजी, मंगळवार-बुधवार भेंडी, गवार, वालपापडी, नंतर वांगी, फ्लॉवर, कोबी, शेवटी दुधी, भोपळा, सुरण. शनिवारी मोडाची उसळ. पालेभाजी न धुता निवडून, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. कागद ओला झाला की बदला. भेंडी पुसून, पूर्ण कोरडी. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर, देठ खाली. कांदा आणि बटाटा वेगवेगळ्या टोपल्यांत, कारण एकत्र ठेवले की बटाट्याला लवकर कोंब फुटतात. केळी सगळ्यांपासून लांब टांगा. पावसाळ्यात कांदा टोपलीत ढीग करून न ठेवता एका थरात पसरावा, आणि आठवड्याला लागेल तेवढाच आणावा.